औदासीन्यवाचक इंग्रजी शब्द : काही अर्थच्छटा

पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक विसंगती प्रस्तुत लेखकाच्या वारंवार नजरेस आली आहे. पाश्चात्त्य साहित्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत मॅथ्यू आर्नल्डचे मत सांगताना विद्यार्थी लिहितो की, टीकाकाराने तटस्थ असले पाहिजे. दोन दिवसांनी भारतीय साहित्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत तोच विद्यार्थी भट्टनायकाचे मत सांगतो की, रसाची प्रतीती ताटस्थ्याने होत नाही. प्रेक्षक तटस्थ राहिला की रस संपला. दोन्ही उत्तरांना गुण मिळतात. एका ठिकाणी जी वाचकाची पात्रता ठरली तीच दुसऱ्या ठिकाणी अपात्रता कशी झाली, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडत नाही. आणि खरे सांगावयाचे तर परीक्षकालाही पुष्कळदा पडत नाही.

आर्नल्डचा मूळ शब्द 'डिसइंटरेस्टेडनेस' हा होय. टीकेच्या कार्यासंबंधीचा त्याचा प्रसिद्ध निबंध १८६४ सालचा. पुढच्याच वर्षी तो 'एसेज इन क्रिटिसिझम' या संग्रहात आला. त्या निबंधाच्या मध्यभागी असलेल्या या शब्दाला आपण मराठीत कधी तटस्थता म्हणतो, कधी निःस्वार्थता, कधी अलिप्तता, तर कधी अनासक्ती. या चार शब्दांचे अर्थ एक नाहीत हे कोणीही सांगेल. पण मूळ इंग्रजी शब्दाच्या अवतीभवती जे दुसरे शब्द उभे आहेत, 'इनडिफरन्स', 'अ‍ॅपथी', 'नॉनशलन्स', 'अनकन्सर्न' इत्यादी, त्यांच्यापासून तो नेमका कोठे वेगळा होतो हे पाहिल्याखेरीज या चारांपैकी कोणता चुकला आणि किती चुकला, हे ठरविता यावयाचे नाही. म्हणून आधी त्या शब्दकुळाकडे वळले पाहिजे.

या कामी पर्यायकोशांचा उपयोग फारसा होत नाही. रॉजेचा सुप्रसिद्ध कोश प्रथम १८५२ साली निघाला. त्यात 'इनडिफरन्स' या कल्पनेला 'इच्छा' आणि 'नावड' या दोन कल्पनांच्या मध्ये जागा दिली आहे, आणि ही योजना वरवर पाहता बिनचूक वाटते: हवेसेही नाही, नकोसेही नाही, अशी ती मधली अवस्था. त्या शीर्षकाखाली 'अनकन्सर्न', 'इन्सूसिअन्स', 'नॉनशलन्स' हे शब्द एका दावणीला बांधलेले आढळतात. त्यांच्याच शेजारी अन्नावरची वासना उडाल्याचा वैद्यकीय शब्दही येऊन बसला आहे. रॉजे पेशाने वैद्य होता, हे येथे ध्यानात येते. कोशकाराने शब्द एकत्र आणले. पण ते वेगळे का राहिले हे सांगणे त्याचे काम नव्हते, ते त्याने केलेही नाही.

हे शब्द वेगळे राहिले याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. यांतील बहुतेक शब्द नकारात्मक घडणीचे आहेत. औदासीन्य ही स्वतः काही वस्तू नव्हे. कशाचा तरी अभाव आहे, आणि प्रत्येक शब्द निराळ्या गोष्टीचा अभाव सांगतो. 'नॉनशलन्स' हा शब्द इंग्रजीने सतराव्या शतकात फ्रेंचमधून उचलला. त्याच्या मुळाशी उष्ण असणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याच धातूचे क्रियापद 'महत्त्व वाटणे' या अर्थी वापरीत, आणि 'पू म शो', म्हणजे अक्षरशः 'मला त्याची ऊब थोडीच', हा वाक्प्रयोग 'मला त्याचे काय' या अर्थाने आजही फ्रेंचमध्ये जिवंत आहे. म्हणजे 'नॉनशलंट' मनुष्य तापत नाही. 'इन्सूसिअन्स' हा शब्द इंग्रजीत आला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याच्या मुळाशी ढवळून काढणे, अस्वस्थ करणे या अर्थाचे क्रियापद आहे. म्हणजे या मनुष्याचे पाणी हलत नाही. पहिल्या शब्दात थोडासा दिखावा आहे, आपण तापलो नाही हे दुसऱ्यांना दिसावे अशी इच्छा आहे. दुसऱ्यात तो नाही, स्वभावाचाच हलकेपणा आहे. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी खिशात हात घालून फलकापुढून शीळ घालीत जाणारा विद्यार्थी 'नॉनशलंट'. निकाल आज आहे हेच जो विसरला तो 'इन्सूसिअंट'. दोघांनाही मराठीत आपण बेफिकीर म्हणून मोकळे होतो.

उष्णतेचे हे रूपक इंग्रजीत दूरवर पसरले आहे. थंड, कोमट, थंड रक्ताचा असे शब्द त्या भाषेत औदासीन्याची सगळी उतरंड दाखवितात. 'फ्लेग्मॅटिक' हा कफप्रकृतीवरून आलेला शब्दही थंडपणाचाच द्योतक मानला जातो. ग्रीकमध्ये मात्र त्याचे मूळ 'जळणे' या क्रियापदात आहे, ही व्युत्पत्तीची एक गंमत. 'कॅलस' हा शब्द घट्टे पडलेल्या कातडीवरून आला. 'ब्लाझे' हा अतिभोगाने बोथटलेल्या मनाचा वाचक. या दोहोंत अभाव जन्मजात नाही, मिळविलेला आहे. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. ते आपला अर्थ लपवीत नाहीत.

लपविणारा शब्द 'इनडिफरंट' हा आहे, आणि त्याच्यापाशी थोडे थांबणे अवश्य आहे. त्याचा अक्षरार्थ 'भेद न करणारा' किंवा 'ज्यात भेद नाही तो' असा. स्टोइक तत्त्ववेत्त्यांनी सद्गुण तेवढा चांगला आणि दुर्गुण तेवढा वाईट मानून आरोग्य, संपत्ती, कीर्ती, किंबहुना जीवितसुद्धा 'अदिआफोरा', म्हणजे भेदशून्य गोष्टींत ढकलले. तथापि त्यांतही आरोग्य हे रोगापेक्षा पत्करण्याजोगे, असा पोटभेद करणे झीनोच्या अनुयायांना भाग पडले. तो पोटभेद न मानणारा किओसचा अरिस्टन एकटा पडला. हा ग्रीक शब्द लॅटिनमध्ये आणताना सिसरोने त्यास 'इन्डिफेरेन्स' हा प्रतिशब्द योजिला, आणि आपण असे भाषांतर करीत आहो, हे त्याने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये लिहिलेल्या 'दे फिनिबुस' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात स्वतःच नमूद केले आहे. शब्दाचा जन्म असा एका भाषांतरकाराच्या टेबलावर झालेला आहे. आपला प्रश्नही भाषांतराचाच असल्याने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

येथे उदासीनपण वस्तूचे आहे, मनुष्याचे नव्हे. पुढे सोळाव्या शतकात ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या काळी हाच वाद वेगळ्या वेषात उभा राहिला. धर्मगुरूने कोणता झगा घालावा, गुडघे टेकावेत की नाही, या गोष्टी ईश्वराने आज्ञापिलेल्याही नाहीत व निषिद्धही नाहीत. मग राजसत्तेने त्या सक्तीच्या कराव्यात काय? जर्मनीत मेलांख्थोन आणि फ्लाकिउस यांच्यात यावरून तीव्र कलह झाला. इंग्लंडात तरुण जॉन लॉकने १६६० च्या सुमारास लिहिलेले दोन प्रबंध याच 'भेदशून्य गोष्टीं'वर आहेत. ज्या गोष्टींना 'इनडिफरंट' म्हटले त्यांच्यापायी लोकांनी तुरुंग भोगला, हा विरोधाभास वाचकाला जाणवल्यावाचून राहणार नाही.

दरम्यान विशेषण वस्तूवरून मनुष्याकडे सरकले होते, आणि सरकले ते मोठ्या सन्मानाने. 'इनडिफरंट' न्यायाधीश म्हणजे पक्षकारापक्षकारांत भेद न करणारा, निःपक्षपाती न्यायाधीश. १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात, राजाच्या अधिकाऱ्यांनी न्याय 'इनडिफरंटली' करावा अशी प्रार्थना आहे. ती त्याच शब्दात पुढील शतकांतील आवृत्त्यांतून चालत राहिली. मात्र आजचा इंग्रज वाचक तेथे अडखळतो. अमेरिकेतील आवृत्तीत तर त्या जागी निःपक्षपातीपणाचा दुसरा, रोखठोक शब्द घालावा लागला. कारण मधल्या काळात शब्द दोन बाजूंनी घसरला होता. एकीकडे, जे चांगल्याहून भिन्न नाही आणि वाइटाहूनही नाही ते सामान्य, आणि सामान्य ते सुमार, अशा पायऱ्या उतरत 'इनडिफरंट' स्वयंपाकी म्हणजे जवळजवळ वाईट स्वयंपाकी झाला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या तोंडी हा शब्द 'बऱ्यापैकी' या अर्थाचे क्रियाविशेषण म्हणून येतो, तो या उताराच्या वरच्या पायरीवरचा. दुसरीकडे, पक्षकारांत भेद न करणारा तो त्यांच्या सुखदुःखातही भेद न करणारा, असे मानले जाऊ लागले.

व्युत्पत्ती एकच, पण ती न्यायासनावर बसते तेव्हा सद्गुण होते आणि रस्त्यावर उभी राहते तेव्हा अपराध. १२ एप्रिल १९९९ रोजी एली वीझेल यांनी व्हाइट हाउसमध्ये औदासीन्याच्या संकटांवर व्याख्यान दिले. नाझी छळछावणीतून वाचलेल्या या लेखकाने तेथे शब्दाच्या याच मूलार्थाकडे, भेद नसण्याकडे, बोट दाखविले होते. प्रकाश आणि अंधार, अपराधी आणि बळी यांतील भेद ज्याला दिसेनासा झाला तो त्यांच्या मते 'इनडिफरंट'. सोळाव्या शतकातील प्रार्थना आणि विसाव्या शतकातील हे व्याख्यान समोरासमोर ठेवली म्हणजे दिसते ते असे: न्यायाधीश श्रीमंत आणि गरीब यांत भेद करीत नाही, पण सत्य आणि असत्य यांत करतो, किंबहुना दुसरा भेद नीट करता यावा म्हणूनच पहिला सोडतो. रस्त्यावरचा बघ्या दोन्ही सोडतो. कोणता भेद सोडला हे शब्द सांगत नाही. ते सांगण्याची शक्ती त्यातून गेली, म्हणूनच त्याचा सन्मानही गेला.

जाता जाता एक गोष्ट आपल्या परिभाषाकारांच्या श्रेयाची नोंदवावी. अर्थशास्त्रात एजवर्थने १८८१ साली मांडलेल्या 'इनडिफरन्स' वक्राला मराठी पाठ्यपुस्तकांत 'समवृत्ती वक्र' असे नाव रूढ आहे. ग्राहकाला त्या वक्रावरील कोणतेही दोन बिंदू सारखेच मोलाचे वाटतात. त्याला वस्तूच नकोशा झाल्या आहेत असे मुळीच नाही. ज्याने कोणी येथे 'उदासीन' टाळून 'समवृत्ती' लिहिले त्याला सिसरोच्या शब्दाचे मर्म कळले होते. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत आपण इतके सावध राहिलो नाही.

'अ‍ॅपथी' या शब्दाचा प्रवास याहून सरळ आहे. 'अपाथेइआ' म्हणजे विकारांपासून सुटका. स्टोइकांना ती साधनेची परिणती वाटे. आणि या अवस्थेतही विवेकी मनुष्याला काही शुद्ध भाव असतातच, असे ते आवर्जून सांगत. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत शब्द आला तो याच तत्त्वज्ञानाच्या वेषात. नंतर वेष गेला, अभाव तेवढा राहिला, आणि आज तो रोग्याच्या लक्षणांत किंवा मतदारांच्या वर्णनात आढळतो. विरक्तीचा शब्द मरगळीचा व्हावा, ही इंग्रजी संस्कृतीवरची टीका म्हणावी की सर्वच संस्कृतींची रीत? आपल्याकडेही 'उदास' या शब्दाचे रामदासी वैभव जाऊन आता तो संध्याकाळच्या हुरहुरीपुरता उरला आहे, तेव्हा इंग्रजीलाच दोष देणे बरे नव्हे.

परंतु शब्द चुकीचा निवडल्याने विचार किती वाहवतो, याचे एक उदाहरण या शब्दाच्या बाबतीत घडलेले आहे. १३ मार्च १९६४ रोजी न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. दोन आठवड्यांनी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर बातमी दिली की, अडतीस शेजाऱ्यांनी हल्ला पाहिला आणि कोणीही पोलिसांना बोलावले नाही; आणि त्या वृत्तीला त्याने 'अ‍ॅपथी' हे नाव दिले. शहरी माणसाच्या मनाला कसली कीड लागली आहे यावर मग प्रवचने झाली. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांना मात्र शब्दाचाच संशय आला. त्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दुसऱ्या खोलीतील एका व्यक्तीला झटका आल्याचा आवाज ध्वनियंत्रावरून ऐकविला. ऐकणारे आपण एकटेच आहो असे ज्यांना वाटत होते त्यांपैकी शेकडा ८५ जणांनी मदत मागविली. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांपैकी शेकडा ३१ जणांनी. न उठलेल्यांची अवस्था काय होती? त्यांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते, आणि खोलीत येणाऱ्याला ते त्या रोग्याचे कुशल विचारीत होते. पाथोस, म्हणजे क्षोभ, त्यांच्यापाशी पुरेपूर होता. नव्हती ती कृती. अ-पाथोस हा शब्द त्यांना लावणे हे शब्दशः असत्य होते. पुढे त्या मूळ बातमीतील साक्षीदारांचा आकडा आणि वर्णन अतिरंजित असल्याचेही उघड झाले, आणि २०१६ साली खुद्द त्या वृत्तपत्राने आपल्या जुन्या वृत्तातील दोष मान्य केले. तरीही 'अ‍ॅपथी' हे लेबल त्या घटनेवरून अद्याप पुरते निघालेले नाही. नामकरणाला पुरावा लागत नाही, आणि नाव एकदा पडले की पुराव्याने ते पुसत नाही.

ग्रंथस्थ शब्दांकडून बोलीकडे आले म्हणजे 'केअर' या क्रियापदाचे राज्य सुरू होते. त्याचा जुन्या इंग्रजीतील अर्थ शोक, चिंता असा आहे. लॅटिन 'कुरा'शी त्याचे ध्वनिसाम्य दिसते, पण नाते नाही. जर्मन भाषेत ख्रिस्ताच्या मृत्युदिनाच्या नावात त्याचा सगोत्र शब्द विलापाच्या अर्थाने अजून टिकून आहे. म्हणजे 'आय डोन्ट केअर' याचे तळाशी असलेले रूप 'मला त्याचा शोक नाही' असे निघते. मराठीत आपण 'मला त्याचे सोयरसुतक नाही' म्हणतो, तेव्हा अगदी याच ठिकाणी येतो. फरक इतकाच की, इंग्रजीने शोक मनात ठेवला आणि मराठीने तो नात्यात व विधीत पाहिला. 'केअरलेस' या शब्दाचा पहिला अर्थ निश्चिंत असा होता, निष्काळजी असा नव्हता. 'सिक्युअर' हाही मुळात 'चिंतारहित', आणि 'मॅक्बेथ'मध्ये त्याचे भाववाचक नाम घातक गाफीलपणाच्या अर्थी आलेले आहे. चिंता नसणे हे सुख की अपराध, हा प्रश्न इंग्रजीने या शब्दांत तरी बराच काळ अनिर्णित ठेवला होता.

'केअर' आणि 'माइंड' यांतील फरक आपल्या विद्यार्थ्यांना महागात पडतो. यजमानीण विचारते, चहा घ्याल की कॉफी? आपला पाहुणा 'काहीही चालेल' हे सौजन्य मनात ठेवून 'आय डोन्ट केअर' म्हणतो, आणि त्या बाईंचा चेहरा का उतरला हे त्याला कळत नाही. 'आय डोन्ट माइंड' यात नाकारली जाते ती हरकत; निवड विचारणाऱ्याच्या हाती सोपविली जाते. 'आय डोन्ट केअर' यात नाकारले जाते ते प्रश्नाचे मोल, आणि प्रश्नाबरोबर प्रश्नकर्त्याचेही. अमेरिकेत घरच्या बोलण्यात हे दुसरे वाक्य तितके बोचत नाही, पण परक्याने तो धोका पत्करू नये. आपल्याला हा घोटाळा होतो याचे कारण असे की, मराठीत 'चालेल' हे क्रियापद कर्त्याला बाजूला ठेवून वस्तूलाच चालवते. बोलणाराचे मन त्यात उघडे पडतच नाही. इंग्रजी वाक्याला 'मी' लागतो, आणि 'मी' आला की त्याची आस्था की अनास्था, हे सांगावेच लागते.

औदासीन्याचे मोजमाप करण्याची हौसही दोन्ही भाषांत सारखीच. इंग्रजी माणूस गवताच्या काडीएवढी, अंजिराएवढी, टाचणीएवढी, बटणाएवढी पर्वा करीत नाही. आपण काडीची पर्वा आणि कवडीची किंमत करीत नाही. नकाराला बळकटी आणण्यासाठी क्षुद्रतम वस्तू घ्यावयाची ही युक्ती फार व्यापक आहे. ओटो येस्पर्सनने १९१७ सालच्या आपल्या नकारविषयक ग्रंथात हिचे सविस्तर विवेचन केले आहे. या मालिकेतील 'डॅम' या शब्दाचा संबंध हिंदुस्थानातील 'दाम' या तांब्याच्या नाण्याशी असावा, असा तर्क १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात केला आहे. एका रुपयाचे चाळीस दाम हा अकबरकालीन हिशेब, आणि 'एक छदामही देणार नाही' हा आपला वाक्प्रचार आठवला म्हणजे तो तर्क आपल्या मनाला गोड वाटतो. परंतु तो खरा नव्हे. शब्द शिव्याशापातलाच आहे, आणि पुढील कोशकारांनी नाण्याची कथा योग्य कारणानेच टाकून दिली आहे.

ही क्षुद्र वस्तू नकाराला आधार देता देता स्वतःच नकार होऊन बसते, हे येस्पर्सनच्या विवेचनाचे सार. फ्रेंचमधील 'पा' म्हणजे मुळात पाऊल. आज बोलीत मूळ नकार गळून तो एकटाच 'नाही' म्हणतो. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात रूढ झालेला 'आय कुडन्ट केअर लेस', म्हणजे 'याहून कमी पर्वा मला करताच येणार नाही', हा प्रयोग अमेरिकेत गेल्यावर त्यातील नकार गळाला, आणि 'आय कुड केअर लेस' असे अक्षरशः उलट वाक्य त्याच अर्थाने चालू लागले. शुद्धतावाद्यांना ते अडाणीपणाचे वाटते. स्टीव्हन पिंकरने १९९४ च्या 'द लँग्वेज इन्स्टिंक्ट' या पुस्तकात त्याचा बचाव केला तो स्वराघाताच्या आधारे: वाक्य उपरोधाचे आहे, म्हणून उलटे आहे. हे स्पष्टीकरण चतुर आहे, पण प्रस्तुत लेखकास पुरेसे वाटत नाही. कारण उपरोधाचा लवलेश नसलेल्या सपाट सुरातही ते वाक्य म्हटले जाते आणि लिहिलेही जाते. नकाराचा भार संपूर्ण वाक्यखंडावर पसरला की नकारवाचक अवयव अनावश्यक होतो, ही फ्रेंचमध्ये घडलेलीच प्रक्रिया येथे दिसते असे म्हणणे अधिक सयुक्तिक. आणि काहीशा आगाऊपणाने असेही म्हणता येईल की, औदासीन्य सांगणाऱ्या वाक्याने स्वतःच्या व्याकरणाविषयी उदासीन असावे, यात औचित्यभंग तो कसला?

आता मूळ शब्दाकडे येऊ. 'इंटरेस्ट' याच्या मुळाशी 'मध्ये असणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. त्यावरून 'फरक पडणे', 'संबंध पोहोचणे' असे अर्थ निघाले. इंग्रजीत शब्द प्रथम आला तो हक्क, हितसंबंध, पैशाचा लागभाग या व्यवहारी अर्थाने. कुतूहल किंवा गोडी हा अर्थ पुष्कळ नंतरचा. त्यामुळे नकार जोडताना कोणता अर्थ नाकारावयाचा, असा पेच पडला. आज कोणताही शिक्षक सांगतो की, हितसंबंध नसलेला तो 'डिसइंटरेस्टेड' आणि गोडी नसलेला तो 'अनइंटरेस्टेड', आणि पहिला शब्द दुसऱ्याच्या अर्थी वापरणे हे अलीकडचे अज्ञान. इतिहास याला दुजोरा देत नाही. 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द आस्था नसलेला या अर्थाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच, डनच्या लेखनात, सापडतो. आणि 'अनइंटरेस्टेड' त्याच शतकात निःपक्षपाती या अर्थाने. दोघांनी पुढे जागा बदलल्या आणि अठराव्या शतकात ती वाटणी स्थिरावली. तेव्हा हा भेद भाषेला जन्मतःच मिळालेला नव्हता. पण म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. 'इनडिफरंट' न्यायासनावरून उतरल्यावर, 'अ‍ॅपथी'तील विरक्ती आटल्यावर, औदासीन्याच्या कुळात सन्मानाचा असा हा एकच मोठा शब्द इंग्रजीपाशी उरला आहे. तो राखण्यासाठी शिक्षक धडपडतात ते चुकीच्या इतिहासाच्या आधारे, पण बरोबर कारणासाठी.

आर्नल्डच्या निबंधात या शब्दाला जो शेजार आहे तो पाहावा. टीकेने व्यवहाराच्या, पक्षाच्या, पंथाच्या हेतूंपासून दूर राहावे, असे तो म्हणतो. पण त्याच श्वासात तो कुतूहलाचा पुरस्कार करतो, मनाच्या मुक्त क्रीडेचा पुरस्कार करतो. इंग्रजांना 'कुतूहल' हा शब्द हीन अर्थानेच ठाऊक आहे, अशी त्याची तक्रारही आहे. म्हणजे त्याचा टीकाकार हितसंबंधापुरता रिकामा आणि आस्थेने भरलेला आहे. हॅझलिटने १८०५ साली मानवी मनाची स्वाभाविक 'डिसइंटरेस्टेडनेस' सिद्ध करण्यासाठी पुस्तक लिहिले त्यातही मुद्दा दुसऱ्याच्या हिताविषयी मनुष्याला वाटणाऱ्या खऱ्या ओढीचा होता. कांटने १७९० साली सौंदर्यजन्य आनंदाला हितशून्य म्हटले, तेव्हाही आनंद त्याने वजा केला नव्हता. या परंपरेत 'अनइंटरेस्टेड' मनुष्य 'डिसइंटरेस्टेड' होऊच शकत नाही. ज्याला गोडीच नाही त्याच्या निर्हेतुकपणाला किंमत कसली?

तटस्थ हा शब्द येथे का बसत नाही हे आता स्पष्ट व्हावे. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. पाण्यात कोणी बुडो वा तरो, त्याचे धोतर कोरडे. भट्टनायकाने रसचर्चेतून जो बाहेर काढला तो हाच काठावरचा मनुष्य: रंगभूमीवरील रती परक्याची आहे असे ज्याला वाटत राहते, तो तिच्याविषयी तटस्थ राहतो. आणि ती माझीच खासगी आहे असे ज्याला वाटते, तोही रसाला मुकतो. या दोहोंमधून वाट काढण्यासाठी साधारणीकरणाची कल्पना आली. आर्नल्ड ज्या स्थितीकडे बोट दाखवितो ती साधारणीकरणाच्या शेजारची आहे, ताटस्थ्याच्या नव्हे. दोन्ही विचार एक आहेत असा दावा येथे नाही. एक टीकाकाराविषयी बोलतो, दुसरा प्रेक्षकाविषयी. पण आर्नल्डच्या तोंडी 'तटस्थ' घालणे म्हणजे भट्टनायकाने दारातून हाकललेल्याला खिडकीतून आत घेणे होय. 'निःस्वार्थ' त्या मानाने बरा, परंतु त्याला परोपकाराचा वास येतो. पक्षनिष्ठा ही स्वार्थ नसूनही टीकेला बाधक होते, ते त्यात येत नाही. 'अनासक्त' गीतेच्या छायेतून बाहेर पडत नाही. 'अलिप्त' पुन्हा काठावरच नेऊन सोडतो.

गीतेचाच आधार घ्यावयाचा तर वेगळ्या ठिकाणी घ्यावा. सहाव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात उदासीन आणि मध्यस्थ हे दोन शब्द लागोपाठ आले आहेत. ते पर्यायवाचक असतील तर द्विरुक्ती होते, म्हणून शंकराचार्यांनी भाष्यात त्यांचे अर्थ वेगळे केले: कोणाचाही पक्ष न घेणारा तो उदासीन, आणि परस्परविरुद्ध अशा दोघांचेही हित इच्छिणारा तो मध्यस्थ. इंग्रजी भाषेने दोन शतके चाचपडत 'अनइंटरेस्टेड' व 'डिसइंटरेस्टेड' यांत जो भेद उभा केला, त्याच्याशी याचे साम्य विलक्षण आहे. आणखी एक योगायोग असा की, 'मध्ये असणे' या एकाच कल्पनेतून लॅटिनने हितसंबंधाचा शब्द घडविला आणि संस्कृतने निःपक्षपाताचा.

दुर्दैवाने आजच्या मराठीत मध्यस्थ म्हणजे सोयरिकी जुळविणारा, नाहीतर जमिनीचा सौदा पटवून दोन्हीकडून दलाली घेणारा. आर्नल्डच्या टीकाकाराला ते नाव देता येणार नाही. तूर्त वर्गात 'हेतुनिरपेक्ष आस्था' असा दोन शब्दांचा जोड वापरून प्रस्तुत लेखक काम भागवीत आहे. तो बोजड आहे, आणि 'निरपेक्ष' या पदाला तत्त्वज्ञानात दुसरा अर्थ असल्याने तत्त्वज्ञान विभागातील सहकाऱ्यांनी त्यावर आक्षेपही घेतला आहे. आक्षेप बरोबर आहे. पण त्या जोडातील 'आस्था' हा अर्धा भाग काढून टाकण्यास मात्र मन धजत नाही.